तिकीट न काढता लागलेली लॉटरी : एका ढकलपत्राला उत्तर

‘लॉटरी लागल्याची मेल खरी की खोटी, ओळखा या खुणांवरून’ हे ढकलपत्र सध्या जोरात फिरतं आहे. मला ते तिघांनी पाठवलं, तिघांनीही काळजीपोटी. त्यातला उपदेश थोडक्यात असा. खोट्या मेलमध्ये भाषेच्या चुका असतात. खऱ्या मेलमध्ये तुमचं नाव असतं. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह पाहावं. शंका असेल तर उत्तर पाठवून चौकशी करावी, त्यात आपलं काही जात नाही. कर आधी मागितला तर दचकू नये, बक्षिसावर कर असतोच. त्यांनीच आधी पैसे पाठवले तर लॉटरी खरी समजावी. तरीही फसलात तर पैसे परत मिळवून देणारे तज्ज्ञ असतात. आणि शेवटी टोमणा : ‘तसे फसतात ते अडाणी आणि हावरटच.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण या सगळ्या खुणा एक गोष्ट आधीच मान्य करून बसतात, की न काढलेल्या तिकिटावर बक्षीस लागू शकतं. ते एकदा मान्य केलं की पुढची सगळी तपासणी ठगाच्या अंगणात होते.

भाषेच्या चुकांचं आधी. चुका दिसल्या तर मेल खोटी, हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पण चुका नाहीत म्हणून मेल खरी, हे कुठून आलं? आज यंत्राकडून कुठल्याही भाषेत निर्दोष पत्र घटकेत लिहून मिळतं. दुसरं म्हणजे, मेलचा भोंगळपणा कधीकधी ठगाच्या पथ्यावरच पडतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता : अशा फसव्या मेलपायी नायजेरियाचं नाव इतकं बदनाम झालेलं असताना हे ठग आपण तिथलेच आहोत असं का सांगतात? हिशेब असा की लाखो मेल पाठवायला जवळजवळ काही लागत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकामागे ठगाचे तास खर्च होतात. म्हणून गोष्टच इतकी अचाट ठेवायची की संशयी माणूस हसून मेल पुसेल आणि जो उत्तर देईल तो शेवटपर्यंत टिकेल. ती चाळणी आहे. आपण तिला हसतो आणि चाळणीतून गळतो, ते बरंच आहे, पण त्यावरून ठग मूर्ख आहे असं समजू नये.

आता नाव. तुमचं नाव, फोन, कधीकधी जन्मतारीखसुद्धा कुठल्या ना कुठल्या फुटलेल्या यादीत असते. ती माहिती मेलमध्ये घालणं हे पाच मिनिटांचंही काम नाही. त्यापेक्षा उलट बाजूने पाहा : खऱ्या लॉटरीला आपल्या विजेत्याचं नाव माहीत असतं का? युरोमिलियन्स या युरोपातल्या लॉटरीच्या ८ जून २०१२ च्या सोडतीत ब्रिटनमधल्या एका तिकिटाला ६ कोटी ३८ लाख पौंड लागले. तिकीट स्टीव्हनेज आणि हिचिन या भागात विकलं गेलं होतं, एवढं आयोजकांना ठाऊक होतं. त्यांनी सहा महिने जाहीर आवाहनं केली. कोणीही आलं नाही. डिसेंबरात मुदत संपली आणि पैसे लोकहिताच्या कामांकडे गेले. दुकानातून घेतलेल्या तिकिटावर नाव नसतं, ज्याच्या हातात कागद त्याचं बक्षीस. म्हणजे खरोखर जिंकलेल्या माणसाला खरी लॉटरी शोधू शकली नाही, आणि ज्याने कधी तिकीट काढलं नाही त्याला मात्र ही मेलवाली लॉटरी नावानिशी गाठते!

ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांना मेल येते, हे खरं आहे. पण त्यांनी स्वतः खातं उघडलेलं असतं, पैसे भरलेले असतात. तीच मंडळी त्या मेलमधल्या दुव्याला हात न लावता आपणहून खात्यात जाऊन निकाल पाहू शकतात. ‘जगभरातल्या ई-मेल पत्त्यांमधून संगणकाने तुमचा पत्ता निवडला’ ही सोडत मात्र कुठेच होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नावाने अशा मेल येतात, पण ती कंपनी अशी लॉटरी चालवत नाही. स्पेनची प्रसिद्ध नाताळची लॉटरी, जिच्या ‘एल गोर्दो’ या मोठ्या बक्षिसाचं नाव ठग सर्रास वापरतात, १८१२ पासून चालू आहे आणि २२ डिसेंबरला तिची सोडत होते. तीसुद्धा विकलेल्या तिकिटांच्या क्रमांकांवर, लोकांच्या मेल पत्त्यांवर नव्हे.

पत्ता आणि कुलूप यांवर ढकलपत्राचा फार भरवसा आहे. मेल ज्या नियमांनी प्रवास करते ते मुळात १९८२ सालचे, एकमेकांवर विश्वास असलेल्या थोड्या लोकांसाठी केलेले. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहून पत्र पेटीत टाकता येतं, तसंच इथेही. नंतर पडताळणीच्या सोयी जोडल्या गेल्या, पण त्या फार तर मेल अमुक पत्त्यावरून निघाली एवढंच सांगतात. तो पत्ताच ठगाने विकत घेतलेला असेल तर पडताळणी निर्धोक पार पडते. शिवाय इंग्रजीत आर आणि एन ही छोटी अक्षरं शेजारी लिहिली की घाईत एम वाचली जातात, त्यावरही बरीच दुकानं चालतात. एक खूण ढकलपत्रात नाही, ती मी देतो : ‘उत्तर द्या’ दाबल्यावर जो पत्ता उमटतो तो पाहा. वर लॉटरीचं भारदस्त नाव आणि उत्तर जाणार कुठल्यातरी फुकट मेलसेवेवरच्या खात्यात, असं पुष्कळदा असतं. कुलपाचा अर्थ इतकाच की तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे असं ते कधीच सांगत नव्हतं. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की क्रोम या ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूपच काढून टाकलं.

‘उत्तर पाठवून चौकशी करा, काही जात नाही.’ जातं. पहिल्या उत्तराने कळतं की पत्ता जिवंत आहे आणि मालक भोळा नसला तरी उत्सुक आहे. मग ‘दावा अधिकारी’ अवतरतो आणि अर्ज पाठवतो : जन्मतारीख, ओळखपत्राची प्रत, बँक खाते, सही. इथे एक पैसाही न देता तुम्ही लुटले गेलेले असता, कारण त्या कागदांवर दुसरीकडे तुमच्या नावाने खाती उघडता येतात. उलटतपासणी करून ठगाला पकडू, हाही भ्रम सोडा. तुमच्यासाठी तो पहिला संवाद असतो, त्याच्यासाठी शंभरावा.

याच टप्प्यावर आणखी एक वाक्य येतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात पक्की खूण तीच : ‘बक्षीस हाती येईपर्यंत ही बातमी गुप्त ठेवा.’ कारण दिलं जातं की दुसरा कोणी दावा करेल. खरं कारण घरातच असतं. बहीण किंवा मुलगा मेल वाचून ‘वेड लागलंय का’ म्हणेल, आणि एवढं एक वाक्य ठगाचा महिन्याभराचा डाव मोडायला पुरतं.

आता कराचा मुद्दा. ढकलपत्राने सर्वात मोठं नुकसान इथे केलं आहे, कारण अर्धं सत्य सांगितलं आहे. बक्षिसावर कर पुष्कळ ठिकाणी असतो. पण तो जातो कसा ते पाहा. अमेरिकेत लॉटरीचं बक्षीस ५,००० डॉलरच्या वर गेलं की केंद्राचा २४ टक्के कर आधीच कापून उरलेली रक्कम हातात देतात. स्पेनमध्ये ४०,००० युरोच्या वरच्या भागावर २० टक्के, तेही कापूनच. आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या बक्षिसावर विजेत्याला आयकरच नाही. म्हणजे ‘ब्रिटिश लॉटरीचा कर भरा’ म्हणणारी मेल तिथेच उघडी पडते. काही ठिकाणी विजेत्याला नंतर स्वतः कर भरावा लागतो, पण तो सरकारला. जिंकलेले पैसे सोडवण्यासाठी आयोजकाच्या माणसाकडे पैसे पाठवायचे, अशी पद्धत कुठल्याच सरळ सोडतीत नाही. एवढी रक्कम त्यांच्याकडे माझ्या नावाने पडून असेल तर त्यातूनच कापून घ्या की!

हे विचारल्यावर उत्तर तयार असतं : रक्कम विम्याने बांधलेली आहे, हात लावता येत नाही. मग कर, मग वकील, मग दलालीचा दाखला, मग हस्तांतरण शुल्क. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे आवळाही कागदावरच असतो. ही युक्ती मेलच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकात ‘स्पेनचा कैदी’ नावाने पत्रं जायची : एक श्रीमंत माणूस स्पेनच्या तुरुंगात आहे, सुटकेला थोडे पैसे द्या, तो तुम्हाला मालामाल करेल. आज या प्रकाराला ‘४१९’ म्हणतात ते नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून. कैदी गेला, लॉटरी आली, हप्ता तोच.

‘त्यांनी आधी पैसे पाठवले तर खरी.’ ते धनादेश पाठवतात. बँक रक्कम खात्यात दाखवते, तुम्ही आनंदाने त्यातलं ‘शुल्क’ पुढे पाठवता, आणि धनादेश खोटा असल्याचं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी उघड होतं. मग बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करते. किंवा ते खरेच पैसे असतात, दुसऱ्या फसलेल्या माणसाचे, आणि पुढे पाठवणारे तुम्ही असता. पोलीस माग काढत येतात ते तुमच्या दारात.

पैसे परत मिळवून देणारे ‘तज्ज्ञ’ म्हणजे आगीतून फुफाट्यात. ते बहुधा आधीच्याच टोळीचे असतात, नाहीतर तिच्याकडून फसलेल्यांची यादी विकत घेतलेले, आणि तेही आधी शुल्क मागतात. पैसे कधीच परत मिळत नाहीत असं मात्र नाही. वेस्टर्न युनियन या पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या मार्गे झालेल्या फसवणुकींकडे काणाडोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१७ मध्ये ५८ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं, आणि २०२० पासून त्यातून फसलेल्यांना पैसे मिळू लागले. त्यासाठी अर्ज करायला एक पैसाही लागत नव्हता. पैसे गेले असतील तर पहिला फोन आपल्या बँकेला, कार्डावर छापलेल्या क्रमांकावर, त्याच तासाला. मग पोलिसांकडे तक्रार. आणि रागाच्या भरात त्या मेल पुसू नका, पुरावा तोच असतो.

राहिला टोमणा. १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलच्या बँको नोरोएस्ते या बँकेतून २४ कोटी २० लाख डॉलर असेच गेले, लॉटरीच्या नव्हे तर विमानतळ बांधण्याच्या थापेवर. पलीकडचा माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याचं सोंग करत होता, आणि पैसे पाठवणारा होता बँकेचाच एक संचालक. त्याला अडाणी म्हणणार? ज्याचा पहिला हप्ता गेलेला आहे असा माणूसही हे ढकलपत्र वाचतच असतो. शेवटच्या ओळीपाशी तो थबकतो, घरात सांगायचं राहून जातं, आणि संध्याकाळी तो दुसरा हप्ता भरतो.