भावाला बारा... काय?

इंग्लंडात येऊन मी नाना प्रकारची कागदपत्रं वाचली, पण जवळपास चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं मृत्युपत्र वाचायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. दोष माझ्या जिभेचा. आमच्या सफोकमधल्या इतिहासप्रेमी मंडळात चहा पिता पिता मी म्हणून गेले, की माझे आजोबा मोडी वाचायचे. आजोबा वाचायचे, मी नाही. अध्यक्षीणबाईंनी मात्र एवढंच ऐकलं, की या बाईंच्या घराण्यात दुर्बोध लिपी चालत आलेली आहे. पुढच्या बैठकीला माझ्यापुढे प्रिंटआउट.

मृत्युपत्र १६४० चं, एका बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्याचं. कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या, लंडनात भरणाऱ्या चर्चच्या कोर्टात, ते नोंदलं गेलं. या कोर्टाची १३८४ पासून १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं आता लंडनच्या क्यू भागात नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि घरबसल्या डाउनलोड करता येतात, हीच खरी अडचण. हाती पडते ती नोंदवहीतली नक्कल. म्हातारा अंथरुणावरून बोलला, गावात कुणी तरी लिहून घेतलं आणि लंडनच्या कारकुनानं वहीत उतरवलं. म्हणजे माझं भांडण म्हाताऱ्याशी नव्हतंच, कारकुनाशी होतं. तिथं कोण जिंकलंय?

त्या काळच्या वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात. त्यात ई उलटी, सी हुबेहूब आर, आणि एचची शेपटी खालच्या ओळीत जाऊन तिथल्या अक्षरांना लाथा घालते. आय, एन, यू, एम ही सगळी नुसत्या उभ्या काड्यांची अक्षरं. आयवर टिंब द्यायचं की नाही, हे कारकुनाच्या मर्जीवर. काडेपेटी उपडी करावी तशा काड्या पसरलेल्या, आणि त्यातून नाव शोधायचं. तेही एकाच कागदावर तीन तऱ्हांनी लिहिलेलं, कारण शुद्धलेखन नावाचा जाच अजून सुरू व्हायचा होता.

वर काटकसर. पीच्या शेपटीवर आडवी रेघ असली की ‘पर’ किंवा ‘पार’, तीच रेघ मागून वळसा घालून आली तर ‘प्रो’. अक्षरावर आडवी दांडी दिसली की एखादा एम किंवा एन गिळलेला. ख्रिस्तोफर हा तर एक्सपासून सुरू होतो. शाई वाचवायची एवढी हौस होती, तर कायद्याच्या भाषेत एकच गोष्ट चार शब्दांत सांगायचा सोस कशाला, हे मला कळलेलं नाही.

सुरुवात मात्र झकास लागते. देवाच्या नावे, आमेन. शरीर आजारी, पण स्मरणशक्ती शाबूत. आत्मा परमेश्वराला, देह मातीला. हे सगळं साच्यातलं, त्यामुळे कागदाकडे न बघतासुद्धा वाचता येतं. आत्म्याची व्यवस्था उरकून भांड्यांची सुरू झाली की बोंब. अंदाजानं लागत नाहीत नेमके तेच शब्द हवे असतात: कुठली लेक, कोणतं शेत, कसली कढई. बिछाना ही तेव्हा मोठी इस्टेट. शेक्सपिअरनं १६१६ मध्ये बायकोला ‘दोन नंबरचा’ पलंग ठेवला, तोही दोन ओळींच्या मधे घुसवून, आणि पंडित त्यावर अजून भांडतायत. आमच्या म्हाताऱ्याची पिसांची गादी थोरल्या लेकीला गेली, एवढं लागलं.

मग तारखा. मृत्युपत्र केलं नोव्हेंबर १६४० मध्ये आणि कोर्टानं ते मंजूर केलं फेब्रुवारी १६४० मध्ये. मंडळात शांतता. इंग्लंडात १७५२ पूर्वी कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या हिशेबानं १६४१ चा. मार्चमध्ये पाडवा करणाऱ्या बाईला यात नवल ते काय!

खरी ठिणगी पडली भावावरून. त्याच्या नावापुढे रोमन आकड्यांत बारा. शेवटच्या आयला शेपूट, तेही स्पष्ट. पुढे डी असेल तर पेन्स, एलआय असेल तर पौंड. आणि नेमकी तिथंच वरच्या ओळीतल्या एचची लाथ पडलेली. तेव्हा पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे फरक २४० पटींचा! मंडळात उभी फूट पडली. एक सज्जन गृहस्थ म्हणाले, सख्खा भाऊ आहे, पौंडच असणार. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं, नावापुरतं काही ठेवायचं तर एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्स, ही रक्कम तेव्हा नेहमीचीच. मग सगळे माझ्याकडे वळले. माझं लॅटिन कच्चं आहे, पण भाऊबंदकी पक्की. आदल्याच ओळीत दोघांच्या शेतांमधल्या कुंपणाचा उल्लेख होता, तो मी बोट ठेवून दाखवला. कुंपण आणि भाऊ एका पानावर आल्यावर पौंड कुठले?

शंकेची जागा चौकटी कंसात घालायची असा नियम आहे. आमच्या प्रतीत तिथं आता ‘१२ पेन्स’ आहे, प्रश्नचिन्हासकट. प्रश्नचिन्ह त्या सज्जन गृहस्थांच्या समाधानासाठी.