बोनी एम, बसून

नाशकात बोनी एम या सत्तरच्या दशकातल्या डिस्को बँडचा भक्त असण्यात एकच अडचण आहे. कुणी विरोध करत नाही.

विरोध झाला की भक्ती तावून सुलाखून निघते. माझा एक मित्र पिंक फ्लॉइडवाला आहे. त्या संगीतावरून त्याच्या घरी कॉलेजपासून भांडणं झाली आणि त्या भांडणांतून त्याला जो मान मिळाला तो आजतागायत शाबूत आहे. तो दार लावून, दिवा मालवून, डोळे मिटून ऐकायला बसला की घरातली माणसं चपला हातात घेऊन चालतात. नाट्यसंगीतवाल्यांचीही तीच चैन. त्यांनी नुसतं "थांबा जरा" म्हटलं की मिक्सर बंद होतो.

माझ्याकडे बघा. रविवारी सकाळी हॉलमध्ये नीट मांडी घालून मी त्यांचं ‘रासपुतिन’, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातल्या एका साधूवरचं गाणं, लावतो. तेवढ्यात बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे जाते आणि जाता जाता, बादलीसकट, खांदे उडवते. इस्त्रीवाला दारात उभा राहून शर्ट मोजत असतो, त्याचा हिशेब ठेक्यात पडायला लागतो. माझी आई, जिला पाश्चात्त्य म्हणून बिस्किटांपलीकडे काही चालत नाही, ती सोफ्यावर बसल्या बसल्या दोन्ही मुठींनी हवेत ताक घुसळते. सगळ्यांना गाणं आवडलेलं असतं. आणि गाणं संपायच्या आत सगळे आपापल्या कामाला गेलेले असतात. "छान असतं हं तुमचं ते," असं वर म्हणतात.

मला बोनी एम बसून ऐकायचंय. इतकंच मागणं आहे.

ही भक्ती आमच्या मामाकडून आली. मामा देवळाली कॅम्पात राहायचा आणि कॅम्पात राहत असल्यामुळे इंग्रजी संगीतातलं त्याला कळतं, असं आमच्या सगळ्या खानदानाचं मत होतं. त्याने एक कोरी कॅसेट भरून आणली. ए बाजूला बोनी एम. बी बाजू कोरी ठेवणं वडिलांना उधळपट्टी वाटली, म्हणून तिच्यावर अभंगवाणी. ए बाजूचं शेवटचं गाणं मध्येच खटकन तुटायचं आणि कॅसेट उलटली की टाळ सुरू व्हायचे. आजही ते गाणं मोबाइलवर पूर्ण वाजलं की मला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे माझं काम होतं. शब्द एकही कळत नव्हता. मराठी माध्यमाच्या शाळेत आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि त्यात रासपुतिन नव्हता. त्यामुळे माझी भक्ती संस्कृत स्तोत्रांइतकीच शुद्ध होती.

अर्थ कळायला लागल्यावर भानगडी सुरू झाल्या.

मंडळी चार. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट या जन्माने जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेरात बेटावरची आणि अंगात वीज संचारल्यासारखा नाचणारा बॉबी फॅरेल अरूबा बेटाचा. यांना जमवणारा फ्रँक फारियन मात्र जर्मन. त्याने आधी एकट्यानेच एक गाणं केलं, स्वतःच जाड आवाजात आणि स्वतःच बारीक आवाजात गायला आणि ते एका ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिकेतल्या डिटेक्टिव्हच्या नावावरून बोनी एम या नावाने बाजारात सोडलं. ते चाललं. मग टीव्हीवर दाखवायला माणसं लागली, म्हणून माणसं जमवली. रेकॉर्डवर बॉबीचा म्हणून आपण जो घनगंभीर आवाज ऐकतो तो फारियनचा. बॉबी ओठ हलवायचा आणि नाचायचा. मेझीचाही आवाज त्या रेकॉर्डवर नाही.

हे पिंक फ्लॉइडवाल्याने मला मिसळ खाताना सांगितलं. मुद्दाम, तर्री वाढून घेतल्यावर.

"तुझा तो बॉबी गातच नव्हता म्हणे."

"मग?"

"मग काय! फसवणूक नाही का ही?"

मी पाव बुडवून शांतपणे खाल्ला. हा आरोप युरोपात ठीक आहे. पण ज्या देशात नायकाने जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यातून गायलं आणि थिएटरात आपल्या आया पदर ओले करून घरी आल्या, तिथल्या माणसाने ओठ हलवण्यावरून नाक मुरडावं? आणि तेही नाशकात? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मित्र तिथे रोज फिरायला जातो. १९१३ साली त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये राम कोण? साळुंके. आणि सीता? साळुंकेच. ज्या पंचवटीतून सीताहरण झालं, त्या गावच्या माणसांना एका साळुंक्यांनी दोघांचं दर्शन घडवलेलं चालतं. आणि बिचाऱ्या बॉबीने नुसते ओठ हलवले तर फसवणूक! फारियनने पुढे मिली व्हॅनिली नावाच्या जोडगोळीबाबत हाच प्रकार केला आणि १९९० साली त्या दोघांचं ग्रॅमी काढून घेण्यात आलं. आपल्याकडे दोन वेगवेगळी पारितोषिकं दिली असती, एक नायकाचं, एक पार्श्वगायकाचं, आणि दोघांना एकाच शालीच्या गठ्ठ्यातून शाली. फारियन किर्न नावाच्या गावी जन्मला. कोल्हापुरात जन्मला असता तर आज त्याच्या नावाने चौक असता.

मित्र म्हणाला, "तू उगाच भावनिक होतोयस." आणि माझ्या वाट्याचा पापड उचलला.

त्याचा दुसरा बाण मात्र लागला. १९८६ मध्ये मूळ चमू फुटला. त्यानंतर लिझ, मार्सिया, मेझी आणि बॉबी, प्रत्येकाने आपापला ताफा घेऊन बोनी एम नावाने कार्यक्रम केले. म्हणजे दुकानं चार, गल्ल्यावर बसणारी चारही माणसं मूळ घराण्यातली आणि प्रत्येक पाटीवर ‘आमची कुठेही शाखा नाही’. भक्ताने जायचं कुठे? मी लिझच्या बाजूचा आहे, कारण गळा तिचा. पण नाचाशिवाय बोनी एम म्हणजे काय, असं बॉबीच्या बाजूचे विचारतात. नाशकात बॉबीच्या बाजूचे कोण, असं विचाराल तर बादली घेऊन जाणारी आमची ही.

आता लग्नाचं सांगतो. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं, गंगापूर रोडला, लॉन्सवर. पोरगी लग्न करून थेट कॅनडाला जाणार होती. पाठवणीची वेळ झाली आणि सनईची जी रेकॉर्ड होती ती डीजेच्या लॅपटॉपवर काही केल्या उघडेना. जेवणाच्या वेळी मी त्याच्याशी संगीताबद्दल दोन शब्द बोललो होतो, म्हणून तो माझ्याकडे आला. "काका, पाठवणीला काय लावू?"

अशी संधी आयुष्यात पुन्हा येत नाही. मी म्हटलं, ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’.

यात चेष्टा नव्हती. हे गाणं मुळात जमैकाच्या मेलोडियन्सनी १९७० मध्ये गायलेलं आणि त्याचे शब्द बायबलातल्या १३७व्या स्तोत्रातून आलेले. आपला देश सुटलेली माणसं परक्या नदीकाठी बसून रडताहेत. पकडून नेणारे त्यांना म्हणतात, गा पाहू काहीतरी मजेचं. ती म्हणतात, परक्या मुलखात आमच्या देवाचं गाणं गायचं तरी कसं? बोनी एमचं हे गाणं १९७८ मध्ये इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि तिथे त्या रेकॉर्डच्या वीस लाखांच्या आसपास प्रती गेल्या. आता मला सांगा, माहेर सुटतंय, पोरगी कॅनडाला चाललीय, पलीकडे गोदावरी वाहतेय. याहून समर्पक गाणं कुणी आणून दाखवावं.

सुरुवात छान झाली. नुसते गुणगुणणारे आवाज असतात ना सुरुवातीला, ते आले. मेव्हण्याने चष्मा काढला. सासूबाईंनी, ज्यांनी सकाळपासून या क्षणासाठी स्वतःला सांभाळून ठेवलं होतं, कमरेचा रुमाल काढला. मीही घसा खाकरला.

आणि ठेका सुरू झाला.

मुलाकडच्यांना वाटलं, वरातीचा दुसरा भाग आहे. गेटाजवळ ढोलवाले ढोल टेम्पोत चढवत होते. नाशिक ढोल हा वाजायला निमित्त शोधत असतो, त्यांनी ते खाली उतरवले. नवऱ्यामुलाचे मित्र फेटे सावरत परत आत आले. केटरिंगची पोरं ट्रे ठेवून उभी राहिली. बाबिलोनच्या काठी बसून रडणाऱ्या त्या निर्वासितांच्या दुःखावर माझ्या डोळ्यांदेखत तीनशे माणसं नाचली आणि नवरी शालू वर धरून, नाचत नाचत, हसत गाडीत जाऊन बसली. काच खाली करून तिने मला अंगठा दाखवला, म्हणजे आवडल्याचा. गाडी गेली.

सासूबाई रुमालाची घडी करून परत खोचत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, मला रडायला पाच मिनिटं तरी द्यायची होती."

बायकोने परतीच्या वाटेवर, जेहान सर्कलपर्यंत, एक शब्द काढला नाही. तिथे सिग्नलला म्हणाली, "पण नाच मस्त झाला."

पुढच्या पिढीचीही तीच तऱ्हा. २०२१ मध्ये ‘रासपुतिन’चं रिमिक्स निघालं आणि भाच्याने मला मोबाइल दाखवला. "मामा, हे नवीन गाणं ऐकलंस?" मी त्याला सांगायला बसलो की हे १९७८चं, बोनी एम त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोला गेले आणि रशियात जाऊन हेच एक गाणं त्यांना गाता आलं नाही. मी मान वर करून बघितलं तर तो मांड्या मोडून, हाताची घडी घालून, पाय फेकायचा सराव करत होता. आमच्या टीपॉयची काच त्यात गेली. इतिहासाला दाद देण्याची प्रत्येकाची पद्धत असते.

३० डिसेंबरला मी मात्र जमेल तसं गांभीर्य पाळतो. १९१६ मध्ये त्या तारखेला रासपुतिनचा सेंट पीटर्सबर्गमध्ये खून झाला. आणि २०१० मध्ये त्याच तारखेला, त्याच शहरात, आदल्या रात्री कार्यक्रम करून हॉटेलात परतलेला बॉबी फॅरेल सकाळी मृत सापडला. वय ६१. ज्याच्यावरचं गाणं जन्मभर नाचला, त्याच्या गावात, त्याच्या दिवशी. हे कुणाही मराठी माणसाला सांगितलं की अंगावर काटा येतो, आणि काटा येतोय तोवर मी पटकन गाणं लावतो. काही उपयोग नाही. सोसायटीत थर्टी फर्स्टची लगबग असते, कुणीतरी खालून ओरडतं, "काका, आवाज वाढवा!" स्मृतिदिनाची रिहर्सल होते.

आता उरला तो ‘डॅडी कूल’. १९७६चं गाणं. त्याच्या सुरुवातीला जी टिकटिक आहे ती फारियनने दातांवर पेन्सिल वाजवून काढली, असं सांगतात. कॅसेट गुंडाळण्यात बालपण घातलेल्या माणसाच्या हातात पेन्सिल आणि समोर आरसा आला की काय होणार? मी शिकलो. पेन्सिल लाकडी पाहिजे, टोक केलेली नको, आणि तोंड किती उघडायचं त्यावर सूर ठरतो. ‘ओ’ म्हणताना खर्ज, ‘ई’ म्हणताना वरचा. हे वाद्य बसूनच वाजवावं लागतं, शिवाय वाजवताना इतरांशी बोलता येत नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच.

माझ्या समोरच्या एका दाताला फार पूर्वीपासून कॅप आहे. गोल्फ क्लबच्या मैदानावर एका शॉर्ट पिच बॉलने केलेलं ते काम. परवा ती कॅप हलायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्याच वयाचे आहेत, सभ्य, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "मेटल-सिरॅमिक बसवू की झिर्कोनिया?"

मी म्हटलं, "आवाज कशाचा चांगला येतो?"

असा प्रश्न त्यांच्या खुर्चीत बसून बहुधा कुणी विचारला नसावा. त्यांना पेन्सिलीचं सगळं सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत. इंजेक्शन दिलं, ओठ बधिर व्हायची वाट पाहिली, गालांत कापूस भरला. मग हातातला तो छोटा आरसा उलटा धरून त्याच्या दांड्याने माझ्या दातांवर हळूच वाजवून बघितलं. टिक. टिक टिक. मास्कच्या वर डोळे एकदम चमकले.

"अरेच्चा, डॅडी कूल!" ते म्हणाले आणि खुर्चीभोवती त्यांचे पाय हलायला लागले.

तिसरा ठोका ते उशिरा टाकत होते. एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. मी हूं हूं केलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, तर म्हणाले, "मग राहू द्या तसंच तोंड उघडं," आणि बाहेरच्या खोलीतल्या असिस्टंटला हाक मारली, "अगं, ये, ऐक हे."