जातंय की!

सिंक पूर्ण तुंबलं की घरात एकमत होतं. सगळे मुकाट्याने प्लंबरचा नंबर शोधायला लागतात. खरी पंचाईत होते ती सिंक अर्धवट तुंबल्यावर. आमचं मागच्या बाजूचं, कपडे भिजवायचं आणि फरशीची फडकी पिळायचं सिंक या जातीचं. त्यातून पाणी जायचं, पण 'निघतो हं आता' म्हणून पायात चपला सरकवून दारात तासभर बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखं जायचं. मी कुरकुर केली की नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "जातंय की!"

याला उत्तर नसतं. जात तर होतंच. वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की ते खालच्या पाईपमधून उलटं सिंकमध्ये चढायचं आणि फेसावर एखादा पायमोजा गोल गोल फिरत राहायचा. मग हळूहळू, अगदी सवडीने, तो तळाला टेकायचा. "बघ, गेलं," नवरा म्हणायचा.

शेवटी मी घरातल्यांसमोर विषय काढला. ती मात्र घाई झाली, कारण नळाला हात न लावणारी माणसंसुद्धा निचऱ्याच्या बाबतीत जाणकार असतात. सासूबाई म्हणाल्या, "उकळतं पाणी ओत भसकन." मी म्हटलं, "आई, पाईप पीव्हीसीचा आहे. साठ अंशांच्या पुढे तो मऊ पडायला लागतो, आणि उकळतं पाणी शंभराचं." "आमच्या वेळी पाईप लोखंडाचे होते," त्या म्हणाल्या. माणसंही होती, हे त्यांनी नुसत्या नजरेने सांगितलं.

दिराने खायचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग केला. काय ती फसफस! आता आम्ल आणि अल्कली एकत्र आले की ते एकमेकांनाच गारद करतात, कार्बन डायऑक्साइड वरच्या वर उडून जातो आणि खाली उरतं बिनकामाचं क्षाराचं पाणी. सिंक जिथल्या तिथे. लेकीला मात्र तो प्रकार इतका आवडला की काकाला तो पुन्हा करावा लागला.

शेजारच्या काकांचा उपाय जालीम होता: "कॉस्टिक सोडा टाका, आणि नाहीच हललं तर वरून अ‍ॅसिड." आपल्या भिंतीपलीकडे कसा माणूस राहतो हे वेळीच कळलेलं बरं असतं. कॉस्टिक पाण्यात पडला की सणकून तापतो. वर अ‍ॅसिड ओतलं तर सगळं उसळून थेट तोंडावर. आणि काहीच नाही झालं तरी ते जहाल पाणी पाईपमध्ये दबा धरून बसतं, पुढे जो तो पाईप उघडेल त्याच्या हातापायांसाठी. आमच्या घरात उघडणारी कोण, हे मला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं.

मग नवऱ्यातला पुरुष जागा झाला आणि प्लंजर आला. प्लंजर चालवायला ताकद लागते हा सार्वत्रिक गैरसमज. त्याचं रबर पाण्यात बुडलेलं हवं, दाबण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं, आणि पाईपची बाकीची तोंडं आधी बंद करायला हवीत. मशीनची नळी सिंकखालच्या पाईपलाच जोडलेली आहे, हे मी सांगतच होते. "तू जरा बाजूला हो," तो म्हणाला. मी झाले. त्याने सगळं वजन टाकून दाबलं, नळी फटकन निसटली आणि आठवड्याच्या धुण्याचा अर्क त्याच्या बनियनवर उमटला.

त्यानंतर 'जातंय की' ऐकू आलं नाही.

खाली बादली ठेवून मी बाटली ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या पाईपमधल्या बाटलीसारख्या भांड्याची, वाटी फिरवली. या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराची घाण हवा वर येऊ देत नाही. वाकड्या पाईपात पाणी अडवून वास रोखायची युक्ती अलेक्झांडर कमिंग यांच्या 1775 च्या पेटंटमध्ये आहे. ते लंडनमधले घड्याळजी. आमच्या सिंकचा निचरा मोजायला तोच माणूस हवा होता. वाटी निघाली, वास घरभर गेला, आणि सासूबाईंना अचानक देवळात जायचं आठवलं. आत करड्या रंगाचा, बुळबुळीत, मूठभर गोळा. कपड्यांचा पिंजलेला कापूस, त्यात गुरफटलेले केस, आणि वर जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडून झालेला पांढरट थर, जो पाण्यात विरघळत नाही. गोळा फोडला तर आत एक हेअरपिन आणि शर्टाचं निळं बटण.

अपराधी सापडला म्हणून सगळे खूश. ट्रॅप धुऊन बसवला, सिंक भरलं, बुच काढलं. पायमोजा पूर्ववत गोल गोल.

आता मी टॉर्च घेऊन मशीनच्या मागे आडवी झाले. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप होता, हवा त्याहून लांब. बसवणाऱ्याने तो कापायचा कंटाळा केला होता. जास्तीचा पाईप झोळ पडून जमिनीला टेकला होता आणि मग पुन्हा वर चढून भिंतीत शिरत होता. त्या झोळातही पाणी साठलेलं. म्हणजे एक ट्रॅप कंपनीने दिलेला, दुसरा आपोआप तयार झालेला, आणि दोन्हींच्या मध्ये हवा कोंडलेली. ती बाहेर पडायला जागा मागत गुडगुडायची, आणि ती हटेपर्यंत पाणी रांगेत उभं. इतके दिवस सगळे आत काय अडकलंय ते शोधत होते. अडकली होती हवा.

प्लंबर आला, त्याने पाहिलं आणि तो हसला. "ताई, मीटरला दोन सेंटिमीटर उतार लागतो. इथे तर चढ आहे." आतून गुळगुळीत असा सरळ पाईप त्याने मापात कापून लावला. उपाय ऐकून एकही जाणकार खूश झाला नाही. त्यात ना फेस होता ना धूर.

पाणी आता भोवरा करून सर्रकन जातं. नवऱ्याने ते दोनदा भरून पाहिलं, मग काठावर वाळत ठेवलेलं निळं बटण उचलून म्हणाला, "अगं, हे माझ्या चांगल्या शर्टाचं! इस्त्रीवाल्याला उगाच बोललो मी. लावून देतेस?"

मी त्याला सुईदोरा दिला.