डिकी, गुडघे आणि बहुमत

गाडी घ्यायची ठरली की घरातल्या माणसांची नव्याने ओळख होते. आमच्याकडे माणसं पाच आणि मतं सहा, कारण आईची दोन असतात: एक बोलून दाखवलेलं आणि एक न बोलता दाखवलेलं. जुन्या हॅचबॅकमध्ये आम्ही मावत नव्हतो असं नाही. पण एकदा मावलो की कोणी मोठा श्वास घ्यायचा नाही, असा अलिखित करार होता आणि मुलं वाढायला लागल्यापासून तो वरचेवर मोडत होता.

खरं तर उत्तर पहिल्याच संध्याकाळी सापडलं होतं. मिनिव्हॅन, म्हणजे तीन रांगांची, सरकत्या दारांची कौटुंबिक गाडी. बायकोने कागदावर रीतसर तक्ता आखला. जागा, डिकी, चढ-उतार, मागच्या रांगेतल्या माणसाच्या पायांचं भवितव्य. प्रत्येक रकान्यात मिनिव्हॅन पहिली. सरकत्या दारांना तर तिने चांदणी काढली, कारण दार उघडणे हा आमच्या चिरंजीवांचा मैदानी खेळ आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांनी तो सोसलेला आहे. सरकतं दार फार तर स्वतःच्याच गाडीला घासून मागे जातं.

तक्ता पूर्ण झाला. तिने तो वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, ‘‘सगळं बरोबर आहे, पण...’’

‘पण’च्या पुढे ती गेली नाही. गरजच नव्हती. आम्ही पाचही जण त्या ‘पण’मध्ये ऐसपैस बसलेलो होतो.

मिनिव्हॅनचा गुन्हा एवढाच की ती खरं बोलते. रस्त्याने जाताना ती जगाला सांगत जाते, की आत बसलेल्या माणसाला मुलं आहेत, मुलांना क्लास आहेत आणि या माणसाला रविवार नाही. तशी ती बुद्धिमान माणसांनी केलेली वस्तू आहे. क्रायसलरने १९८३ च्या अखेरीस पहिली मिनिव्हॅन काढली, तेव्हा ती घरच्या गॅरेजात शिरावी इतकी बुटकी मुद्दाम ठेवली होती. सरकतं दार मात्र एकाच बाजूला होतं. दुसऱ्या बाजूलाही दार असावं, हे सुचून अमलात यायला नव्वदचं दशक अर्धं उलटावं लागलं. मध्यंतरीच्या काळात मागच्या सीटवरची भांडणं ‘मी आधी उतरणार’ याच विषयावर होत असणार, असा माझा अंदाज आहे. पुढे तर होंडाने ओडिसी या मिनिव्हॅनच्या एका मॉडेलमध्ये चक्क व्हॅक्यूम क्लीनर बसवला. गाडीत कुटुंब बसवल्यावर काय होतं, हे कोणत्या तरी इंजिनिअरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशी कल्पना सुचत नाही.

हे सगळं मी घरी सांगितलं. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, ती घेतलीत तर मला शाळेच्या एक चौक अलीकडे सोडत जा.’’ मिनिव्हॅन तिथे संपली.

मी स्वतः वॅगनवाला. सेडानचं छप्पर सरळ मागच्या टोकापर्यंत नेलं की झाली वॅगन. गाडी बुटकी, म्हणून गुरुत्वमध्य खाली. गुरुत्वमध्य खाली, म्हणून वळणावर गाडी कलत नाही आणि मागे बसलेल्या मुलाच्या पोटातलं पोटात राहतं. वाऱ्याला अडणारा भाग कमी, म्हणून इंधन कमी. डिकी लांबलचक आणि तिचा काठ खाली, म्हणजे जड बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही. असं मी पुष्कळ बोललो. इतकं मुद्देसूद मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन, आणि त्या सगळ्या वेळी हरलो आहे. मुलगा फोटो बघून म्हणाला, ‘‘बाबा, ही गाडी कोणीतरी ताणलीये का?’’ बायकोने ‘छान आहे हो’ म्हटलं. या ‘हो’चा अर्थ लग्न झालेल्यांना माहीत असतो.

शेवटचा घाव आईने घातला, आणि तो वर्मी होता. शोरूमच्या कोपऱ्यात एक वॅगन उभी होती. आई दार उघडून बसली. म्हणजे बसायला सुरुवात केली आणि सीट येईपर्यंत खाली खाली जात राहिली. मग आतून आवाज आला, ‘‘बसले एकदाची. आता काढायला कोण येतंय?’’

त्यानंतर ती शेजारच्या क्रॉसओव्हरकडे, म्हणजे एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या उंच कारकडे गेली. पाठ टेकवली, किंचित सरकली, पाय आत घेतले. संपलं. ना वाकणं, ना चढणं. सीट नेमकी कमरेच्या उंचीवर. तिने काहीच मत दिलं नाही. फक्त पर्स मांडीवर घेऊन समोर बघत बसली, आता निघायचं असल्यासारखी.

इथे मला प्रामाणिकपणे नोंदवायचं आहे की क्रॉसओव्हर घेण्याचं खरं कारण संपूर्ण घरात फक्त आईकडे होतं. गुडघे. बाकी आम्हा चौघांकडे होती ती स्वप्नं.

कारण क्रॉसओव्हर ही गाडी कमी आणि शक्यता जास्त असते. अस्सल जुन्या धाटणीच्या एसयूव्हीला ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे खालचा सांगाडा असतो आणि तिच्यावर बॉडी चढवलेली असते. क्रॉसओव्हर मात्र साध्या कारसारखी, चासी आणि बॉडी एकसंध. म्हणजे कारच, पण टाचा उंचावून उभी केलेली, चाकांभोवती काळ्या प्लास्टिकची झालर लावलेली, आणि छपरावर दोन रेल. अनेक क्रॉसओव्हरमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. मागची दोन चाकं आमच्यासारखीच, पुढचे नेतील तिकडे जातात. या जातीतली टोयोटाची रॅव्ह-फोर १९९४ साली आली, वर्षभराने होंडाची सीआर-व्ही. त्या पहिल्या सीआर-व्हीच्या डिकीचा तळ उचलला की त्याचं घडीचं टेबल होत असे. मला हे टेबल फार आवडतं. ते किती जणांनी बाहेर काढून मांडलं, हा प्रश्नच नाही. आपल्या डिकीत टेबल आहे, एवढ्या जाणिवेवर माणूस वर्षभर ऑफिसला जाऊ शकतो.

शोरूममधल्या तरुणाने हे बरोबर ओळखलेलं होतं. त्याने विचारलं, ‘‘सर, डोंगरात वगैरे जाता का?’’ बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ग्राउंड क्लिअरन्सकडे, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘‘जायचंय.’’ हे खोटं नव्हतं. मला पुष्कळ ठिकाणी जायचं आहे. मग त्याने एक गोल खटका दाखवला: वाळू, चिखल, बर्फ. मुलाने तो लगेच बर्फावर नेला आणि काही मिनिटं आम्ही सहकुटुंब शोरूमच्या चकचकीत फरशीवर बर्फात बसलो.

‘‘मागे मुलं भांडताहेत, असा मोड नाही का?’’ बायकोने विचारलं. तो हसला. ती हसली नव्हती.

डिकीबद्दल त्याने लिटरमध्ये आकडा सांगितला. डिकी लिटरमध्ये का मोजतात, हे मी पूर्वीच वाचून ठेवलं होतं. प्रचलित जर्मन पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि किती मावले ते मोजतात. पद्धत उत्तम आहे. फक्त आमच्याकडचं सामान ठोकळ्यांचं नसतं. आमच्याकडे एक चाक अडकणारी बॅग, क्रिकेटची बॅट, आईची उशी, आणि ‘ही पिशवी वरच राहू दे, लागेल’ अशा निदान चार पिशव्या असतात. त्या चारही वरच ठेवायच्या असतात. याला लिटर नाही.

तिसऱ्या रांगेबद्दल मात्र मला बोलवत नाही. सात जणांची म्हणून जी दाखवली, तिच्या मागच्या रांगेत मी स्वतः बसून पाहिलं. मिनिव्हॅनमध्ये त्या जागी माणूस बसतो. इथे माणसाची घडी बसते. गुडघे हनुवटीला लागले आणि गर्भावस्थेनंतर प्रथमच मी त्या स्थितीत विचार करू लागलो. विचार असा होता की ही रांग उघडी ठेवली तर मागे छत्री राहील, आडवी. आम्ही पाच आसनांची घ्यायचं ठरवलं, हे त्या घडीतच ठरलं.

रात्री मतदान झालं. चार विरुद्ध एक. एक कोण ते सांगायला नको. तरीही बायकोच्या मनाला त्या घडी घातलेल्या तक्त्याची बोच होती. तेव्हा मीच तिला धीर दिला. रेनोची एस्पास म्हणजे युरोपातल्या मिनिव्हॅनची आद्य पिढी, १९८४ सालची. २०२३ साली तीच एस्पास नवी होऊन आली ती थेट एसयूव्हीच्या रूपात. ‘‘म्हणजे खुद्द व्हॅनलाच व्हॅन राहावंसं वाटलं नाही,’’ मी म्हणालो, ‘‘मग तू कशाला वाईट वाटून घेतेस?’’ तिला ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.

पण गाडी एकदा दारात आली की ती आपली असते, आणि आपल्याची बाजू घ्यायची असते. कोणी विचारलं, की मी छातीठोकपणे सांगतो: उंच बसलं की रस्ता लांबवर दिसतो. (समोर दुसरी क्रॉसओव्हर नसेल तर. हल्ली असतेच.) आई सुखाने चढते, मुलगी शाळेच्या फाटकाशी उतरते. चिरंजिवांचा मैदानी खेळही चालू आहे. आता दार जास्त उंचीवरून लागतं.

सामान तेवढं मावत नाही. म्हणून छपरावरच्या रेलचा उपयोग झाला, तिथे लांबट पेटी बसवली. आता तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी दिसली की आम्ही पाचही जण गाडीत बसल्या बसल्या माना खाली घालतो. पेटीची उंची त्याने कमी होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. वॅगनच्या छपरावर ही पेटी असती तर माझा हात सहज पोचला असता, असं मी एकदाच म्हणालो. त्यावर कोणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी घरात एक घडीचं स्टूल आलं. ते डिकीत असतं. त्याने जी जागा खाल्ली तिथली बॅग आता वरच्या पेटीत जाते, आणि ती काढायला स्टूल लागतं.