अ‍ॅड्रिनलच्या गाठीत वाढलेलं कॅल्शियम दूध बंद करून उतरत नाही

सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला गाठ असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांमध्ये एक मेसेज फिरतोय. मजकूर असा: अ‍ॅड्रिनलच्या कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढलं तर दूध-दही आणि बोअरचं पाणी बंद करा, आठवड्यात उतरतं. वाढलं म्हणजे आजार हाडात गेला, आता इलाज नाही. आणि पेशंट झोपून राहतो तो औषधांमुळे, घाबरू नका. तिन्ही गोष्टी चूक आहेत. तिसरी जीव घेऊ शकते.

‘दूध आणि बोअरचं पाणी बंद करा’

२५० मिली दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. जत-आटपाडी किंवा माण-खटावकडच्या जड पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम धरलं, तर तीन लिटरमध्ये तेवढंच. त्यातलंही बरंचसं आतड्यातून तसंच बाहेर पडतं. हाडांत मात्र सुमारे एक किलो कॅल्शियम साठलेलं असतं, आणि खरी गळती तिथून होते. काही गाठी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनची नक्कल करतं. हाडं कॅल्शियम सोडत राहतात आणि मूत्रपिंड ते लघवीत जाऊ देत नाही. अशा वेळी दूध तोडलं तर अशक्त पेशंटचं प्रथिन तेवढं जातं.

‘बोअरचं बंद’ म्हणता म्हणता पेशंट पाणीच कमी पितो, हे तर फार वाईट. वाढलेल्या कॅल्शियममुळे लघवी खूप होते, अंगातलं पाणी आटतं, आणि आटलेल्या शरीरात मूत्रपिंड आणखी कॅल्शियम धरून ठेवतं.

बंद करायचंच असेल तर कॅल्शियमच्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कॅल्शियमवाली अ‍ॅसिडिटीची औषधं आणि गव्हाच्या दाण्याएवढा रोज घेतला जाणारा चुना बंद करा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर तेही कॅल्शियम वाढवतं. पण बीपीची गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

‘वाढलं म्हणजे हाडात गेला’

हाडात पसरणं हे एक कारण झालं. पीटीएचआरपी दुसरं. तिसरं आनुवंशिक: एमईएन २ए (ग्रंथींना गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरात अ‍ॅड्रिनलच्या फिओक्रोमोसायटोमासोबत (अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ) पॅराथायरॉइडचीही गाठ होते, आणि गळ्याच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरतं. चौथं कारण सगळ्यात जास्त निसटतं, ते म्हणजे कॉर्टिसॉल या अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनची कमतरता. ग्रंथी काढल्यावर किंवा मायटोटेन हे अ‍ॅड्रिनलच्या कॅन्सरचं औषध चालू असताना ती होते. मायटोटेनमुळे हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी दिलं जाणारं स्टेरॉइड) शरीरात लवकर संपतं, म्हणून नेहमीचा डोस पुरत नाही. डोस वाढवला आणि सलाईन दिलं की असं कॅल्शियम उतरतं. ‘इलाज नाही’ म्हणून घरी ठेवलेला पेशंट नेमका हाच असू शकतो.

कारण शोधायला त्याच दिवशी पीटीएचची (पॅराथायरॉइड हार्मोनची) तपासणी करावी लागते. पीटीएच दबलेलं असेल तर गाठ, हाडं किंवा कॉर्टिसॉलकडे बघायचं. दबलेलं नसेल तर गळ्याकडे. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही बघा. कॅल्शियम ११.२ आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर ४ मधून २.५ वजा करून ०.८ ने गुणा. १.२ आले, ते ११.२ मध्ये मिळवा, म्हणजे खरं कॅल्शियम १२.४. नुसतं ११.२ वाचून ‘थोडंच वाढलंय’ म्हणणं हा नेहमीचा घोटाळा.

‘झोप औषधांमुळे येते’

सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, मग असंबद्ध बोलणं आणि गुंगी: हा क्रम वाढत्या कॅल्शियमचा आहे. १२ च्या वर आकडा आणि अशी लक्षणं, किंवा लक्षणं नसतानाही १४, म्हणजे त्याच दिवशी अ‍ॅडमिट.

पहिलं औषध नॉर्मल सलाईन: सुरुवातीला तासाला २०० ते ३०० मिली, पुढे हृदय आणि लघवी बघून. सोबत कॅल्सिटोनिन, वजनाच्या किलोला ४ युनिट, दर १२ तासांनी. ते काही तासांत काम करतं, पण दोन दिवसांत त्याचा जोर ओसरतो. तोवर हाडांतली गळती थांबवणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचा परिणाम दिसायला हवा. ते ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून देतात आणि असर यायला २ ते ४ दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी द्यायचं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर त्याऐवजी डेनोसुमॅब. पाणी भरून निघायच्या आत लघवीचं इंजेक्शन देऊ नये; पेशंट आणखी सुकतो.

एक धोका गावातल्या दवाखान्यातच उभा असतो. उलट्या होतात म्हणून मेटोक्लोप्रमाइड दिलं जातं, आणि गाठ फिओक्रोमोसायटोमा असेल तर बीपी एकदम भडकू शकतं. हायड्रोकॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडनेही तसं होऊ शकतं. म्हणजे एका गाठीत जीव वाचवणारं औषध दुसऱ्या गाठीत घातक. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: गाठीचं नेमकं नाव, मेटानेफ्रिनचा (फिओक्रोमोसायटोमा ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट, मायटोटेन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे डोस, शेवटचं कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन.

घरी सोडल्यावरही तपासणी चालूच ठेवावी लागते. गाठ आटोक्यात नसेल तर काही आठवड्यांत कॅल्शियम पुन्हा चढतं. पुढच्या रक्त तपासणीची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.