जुन्या लॅपटॉपच्या वायफायला नावं ठेवणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कुणाकडे फायबरचं नवं कनेक्शन आलं की तो हमखास कुणीतरी पुढे ढकलतं. म्हणणं असं: नवे राउटर ५जी आहेत आणि जुन्या लॅपटॉपमध्ये ५जी नसतं, म्हणून वायफाय लागत नाही. लावायचंच असेल तर राउटरची सिक्युरिटी ‘डब्ल्यूईपी’वर (वायफायला कुलूप घालायची सर्वांत जुनी पद्धत) आणा, नाहीतर पासवर्डच काढून टाका. वायफाय कार्ड मदरबोर्डमध्येच असतं, ते बदलता येत नाही. जुना लॅपटॉप जोडलात तर घरातल्या सगळ्यांचं नेट मंदावतं. आणि इतकं करून जोडला तरी साइट उघडत नाहीत, तेव्हा पाच वर्षांवरचं मशीन सरळ एक्स्चेंजमध्ये द्या.

यातलं एक म्हणणं अर्धं खरं आहे आणि एक सल्ला चक्क धोक्याचा. बाकी सगळं ऐकीव.

आधी ५जी. नेटवर्कच्या नावामागे जे ‘५जी’ दिसतं ते ५ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचं. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घरी बसवतात ते ड्युअल बँड राउटर ५ गिगाहर्ट्झच्या जोडीला २.४ गिगाहर्ट्झवरही चालतात. वायफायच्या जुन्या पिढ्या, म्हणजे २००९ सालची ‘८०२.११एन’ आणि २००३ सालची ‘जी’, या दोन्ही २.४ वर चालणाऱ्या. वायफायच्या प्रत्येक पिढीत मागच्या पिढ्यांशी जुळवून घ्यायची सोय ठेवलेली असते. तेव्हा २०१० च्या लॅपटॉपवर त्याच राउटरचं ‘५जी’ शेपूट नसलेलं नाव निवडायचं आणि पासवर्ड टाकायचा. ‘जी’ कार्डाचा कागदावरचा वेग ५४ एमबीपीएस, प्रत्यक्षात साधारण २० मिळतो. व्हिडिओ कॉल, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यात बसतं.

मग काही घरांत फोनवर वायफाय चालतं आणि लॅपटॉपवर नाही, ते का? मेसेज लिहिणाऱ्याने इथे जरा खोलात जायला हवं होतं.

एक कारण म्हणजे राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असणं. वायफायच्या सुरक्षेची ही नवी पद्धत २०१८ साली आली. जुन्या कार्डाला नेटवर्कचं नाव दिसतं, पासवर्डही बरोबर असतो, तरी आत प्रवेश मिळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तिच्या आधीची पद्धत, डब्ल्यूपीए२-एईएस, निवडली की प्रश्न मिटतो. दुसरं कारण वायफाय ६ चं, म्हणजे ‘एएक्स’ या नव्या पिढीचं. इंटेलच्या कित्येक जुन्या कार्डांच्या मूळ ड्रायव्हरना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरना) वायफाय ६ चं नेटवर्क यादीत दिसतच नव्हतं. कंपनीने पुढे सुधारलेले ड्रायव्हर दिले. ते टाका, किंवा राउटरच्या २.४ बँडवर ‘एएक्स’ मोड बंद करा.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. न्यू जर्सीहून किंवा बे एरियातून येताना मुलगा-सून आपला जुना लॅपटॉप आईबाबांसाठी ठेवून जातात. तिकडच्या कार्डांना बहुधा २.४ बँडवरचे पहिले ११ चॅनेलच दिसतात, भारतात मात्र १३ चालतात. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि तो बाराव्या-तेराव्या चॅनेलवर जाऊन बसला, तर इथला फोन जोडला जातो आणि अमेरिकेतला लॅपटॉप चाचपडत राहतो. राउटरला १, ६ किंवा ११ या चॅनेलवर कायमचं बसवा. आणि हे सगळं करण्याआधी लॅपटॉपची कड बोटाने चाचपून पाहा. त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांना वायफाय चालू-बंद करायची सरकती कळ असते, ती बॅगेतून काढता-घालताना सरकते. दुकानदार याचेही ‘सर्व्हिस चार्ज’ लावतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता तो डब्ल्यूईपीचा सल्ला. मला सर्वांत राग याचाच येतो. डब्ल्यूईपीमधली खोट फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ सालीच दाखवून दिली. आज फुकटच्या साधनांनी ते काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीए२ आलं २००४ मध्ये, आणि मार्च २००६ पासून वायफायचा अधिकृत शिक्का हवा असेल तर नव्या उपकरणाला ते सक्तीचं झालं. म्हणजे त्यानंतरच्या लॅपटॉपसाठी डब्ल्यूईपीवर उतरायचं काही कारणच उरत नाही. विंडोज एक्सपीवर अडतंय म्हणणाऱ्यांनी सर्व्हिस पॅक ३ आहे का ते पाहावं, डब्ल्यूपीए२ त्यात अंगचंच आहे. शिवाय गंमत अशी, की डब्ल्यूईपी लावलं की ‘एन’ मधला जादा वेग नियमानुसारच बंद होतो आणि गाडी ५४ वर अडते. म्हणजे सुरक्षा गेली ती गेली, वरून वेगही गेला.

पासवर्ड काढून टाकणं तर त्याहून वाईट. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत एटीएस पोचली ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. एका लॅपटॉपच्या सोयीसाठी घराचं दार असं उघडं टाकायला सांगणारा माणूस पुन्हा मेसेजच्या शेवटी ‘जनहितार्थ’ लिहितो.

‘कार्ड बदलता येत नाही’ हे अगदी सडपातळ मॉडेलांपैकी काहींबाबत खरं आहे, त्यांत ते बोर्डावर डाखलेलं असतं. बाकी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये खालचं झाकण उघडलं की छोटंसं वेगळं कार्ड दिसतं: साधारण २०१३-१४ पर्यंतच्या मशीनमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस, नंतरच्यांत एम.२. त्याला एक-दोन स्क्रूंनी धरलेलं असतं आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा, बहुधा एक काळी एक पांढरी, टिचबटणासारख्या वर दाबून बसवलेल्या असतात. आधी बॅटरी काढायची, तारा सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. नवं कार्ड तिरकं सरकवून खाली दाबलं की बसतं.

खरेदी करताना मात्र दोन ठिकाणी फसायला होतं. जुन्या थिंकपॅड आणि एचपीच्या काही मॉडेलांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं तर थिंकपॅड ‘१८०२’ असा आकडा दाखवून तिथेच थांबतो. त्यामुळे आधी मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघा आणि मगच ऑर्डर द्या. दुसरं, इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही जुळ्या भावांसारखी दिसतात, पण २०१ फक्त इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरबरोबरच चालतं. जुन्या लॅपटॉपला एम.२ ची जागा असेल तर २०० घ्यायचं. ऑनलाइन विक्रेते हा फरक सांगतीलच असं नाही.

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नसेल तर यूएसबी डोंगल आहे, म्हणजे बाहेरून पोर्टात खोचायचं वायफाय कार्ड. जुना यूएसबी २.० पोर्ट पुरेसा आहे, त्याची कागदावरची क्षमता ४८० एमबीपीएस आहे. अडचण येते ती ड्रायव्हरची, कारण नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. त्यावर सोपा उपाय: अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडून ठेवा, केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून देण्याची सोय) सुरू करा. विंडोज ७ पासून पुढे आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे बहुतेक वेळा लगेच चालतं, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. लिनक्सवर ब्रॉडकॉम कंपनीच्या काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यासाठीही हीच वाट.

सगळ्यांचं नेट मंदावतं, हे ते अर्धं खरं वाक्य. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. सावकाश बोलणारं उपकरण तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ घेतं आणि बाकीचे ताटकळतात, एसटीच्या तिकीट खिडकीवर पुढचा माणूस चिल्लर मोजत बसावा तसं. पण ही रांग फक्त २.४ ची. फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर असतील तर त्यांना लॅपटॉपचा पत्ताही लागत नाही. आणि आजोबा लॅपटॉपवर पेपर वाचत असतील तर २.४ वरच्यांनाही फारसा फरक पडत नाही. मोठी फाइल उतरवताना पडेल.

राहिला साइट न उघडण्याचा मुद्दा. तो वायफायचा नव्हेच, जुन्या विंडोजचा आणि त्यावरच्या जुन्या ब्राउझरचा आहे. एक्सपीला अपडेट मिळण्याची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. अशा मशीनवरून बँकेचं काम करू नका, हे मीही सांगेन. पण त्यावर हलकं लिनक्स घातलं तर तेच हार्डवेअर, तेच वायफाय कार्ड आणि चालू ब्राउझर मिळतो. मशीन फेकायची गरज पडत नाही.

त्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख मात्र बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपचं घड्याळ २००८ किंवा २०१० सालात गेलेलं असतं. ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेशी ताडून पाहतो, ते जुळत नाही आणि प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतं. वायफायच्या खुणेवर सगळ्या रेघा भरलेल्या, तरी काहीच उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की बहुतेक साइट लगेच उघडतात. मशीन बंद केल्यावर ती पुन्हा मागे जात असेल तर आतला बटण सेल संपलाय. तो बहुधा सीआर२०३२ असतो, घड्याळजीकडेही मिळतो. काही मॉडेलांत त्याला दोन तारांचा कनेक्टर लावलेला असतो, तेवढा बघून घ्या.