लाइव्ह सीडीसाठी कर्नल छाटण्याचा सल्ला का चुकतो

स्वतःची लिनक्स लाइव्ह सीडी (संगणकात काही न बसवता थेट चालणारी प्रणाली असलेली चकती) बनवू पाहणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: डिस्ट्रोचा (लिनक्सच्या वापरासाठी सज्ज संचाचा) तयार कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अवजड असतो, तो घेऊ नका, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा चालवून अनावश्यक ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे भाग) काढा, उरलेले मॉड्यूल (गरजेनुसार चढणाऱ्या सुट्या फायली) म्हणून न ठेवता थेट कर्नलमध्ये बांधा, म्हणजे इनिटआरडी (बूट होताना आधी रॅममध्ये येणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) लागत नाही आणि सीडी लहान व वेगवान होते. एकाच जागी राहणाऱ्या संगणकासाठी यातले बरेचसे खरे आहे. लाइव्ह सीडी मात्र ज्या यंत्रावर तयार होते त्या यंत्रासाठी नसतेच, आणि हा फरक लक्षात घेतला की सल्ला जवळजवळ सगळाच उलटा पडतो. पुढील विवेचन डेबियन हा डिस्ट्रो आणि त्याचे लाइव्ह सीडी बनवणारे लाइव्ह-बिल्ड हे साधन समोर ठेवून केले आहे.

प्रथम लोकलमॉडकॉन्फिग. ही सोय 2009 मध्ये कर्नल 2.6.32 सोबत आली. ती त्या क्षणी ‘एलएसमॉड’च्या यादीत असलेली, म्हणजे चढवलेली, मॉड्यूल ठेवते आणि बाकीची बंद करते. एनव्हीएमई डिस्क आणि इंटेल वायफाय असलेल्या लॅपटॉपवर ती चालवली, तर साटा डिस्क आणि रिअलटेक नेटवर्क कार्ड असलेल्या जुन्या डेस्कटॉपसाठी लागणारे ड्रायव्हर निघून जातात. त्याहून वाईट म्हणजे, त्या वेळी सीडी ड्राइव्ह किंवा पेनड्राइव्ह जोडलेला नसेल तर त्यांची मॉड्यूलही वगळली जाऊ शकतात. मग बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) संगणकाच्या फर्मवेअरच्या मदतीने कर्नल वाचतो, कर्नल सुरू होतो, आणि ज्या चकतीवरून तो आला तीच त्याला दिसत नाही.

ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बांधण्याचा मुद्दा वरवर सुरक्षित वाटतो, पण एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांना आणि इंटेलच्या वायफायला स्वतंत्र फर्मवेअर फायली (उपकरणात भरायचा प्रोग्राम) लागतात. बांधलेला ड्रायव्हर मूळ फाइलसिस्टिम जोडली जाण्याआधीच जागा होऊन ती फाइल मागतो. ती कर्नलमध्ये किंवा इनिटआरडीत नसेल, तर उपकरण चालत नाही. शिवाय एखाद्या यंत्रावर ड्रायव्हर त्रास देत असेल तर मॉड्यूल बूटच्या वेळी ‘मॉडप्रोब ब्लॅकलिस्ट’ या पर्यायाने रोखता येते, बांधलेल्या ड्रायव्हरवर त्याचा उपयोग होत नाही. अनोळखी यंत्रांवर चालणाऱ्या सीडीला ही पळवाट फार मोलाची असते.

‘इनिटआरडी नको’ हे तर मला या सल्ल्यातले सर्वांत घातक वाक्य वाटते, कारण लाइव्ह सीडीचे अर्धे काम इनिटआरडीच करते. ती एकेक ड्राइव्ह तपासून आपली चकती शोधते, तिच्यावरची आयएसओ 9660 ही सीडीची फाइलसिस्टिम जोडते, आतली स्क्वॉशएफएस या दाबलेल्या फाइलसिस्टिमची फाइल लूप उपकरणाद्वारे (फाइल डिस्कसारखी दाखवणारी सोय) उघडते, केवळ वाचता येणाऱ्या त्या थरावर रॅममधला लिहिता येणारा थर ओव्हरलेएफएस या थर जोडणाऱ्या फाइलसिस्टिमने चढवते आणि मग ताबा खऱ्या प्रणालीकडे देते. स्क्वॉशएफएस 2009 मध्ये, तर ओव्हरलेएफएस 2014 मध्ये मूळ कर्नलमध्ये आली; पण दोन्ही कर्नलमध्ये बांधल्या तरी ही क्रमवार जोडणी कर्नल आपण होऊन करत नाही. एकट्या कर्नलला फार तर एका ठरावीक उपकरणाचे नाव सांगता येते, आणि पेनड्राइव्हला कोणत्या यंत्रावर कोणते नाव मिळेल हे आधी ठाऊक नसते. इनिटआरडी बनवताना ‘मॉड्यूल्स’ या सेटिंगचे मूल्य ‘मोस्ट’ (बहुतेक सगळी) ठेवावे. ‘डेप’ ठेवल्यास पुन्हा बनवणाऱ्या यंत्रापुरतीच मॉड्यूल निवडली जातात.

आकाराबाबत सल्ल्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. डेबियन 12 चा कर्नल मॉड्यूलांसह उलगडल्यावर सुमारे 400 एमबी होतो, पण पॅकेजमध्ये दाबलेला तो 70 एमबीच्या आसपास असतो. म्हणजे 700 एमबीच्या सीडीवर कितीही छाटणी केली तरी 70 एमबीपेक्षा कमीच वाचणार. खरी जागा पॅकेजे खातात. लाइव्ह-बिल्डमध्ये शिफारशीची (आवश्यक नसलेली, पण सोबत सुचवलेली) पॅकेजे बंद केली आणि पॅकेज-यादी स्वतः लिहिली, तर बचत पुष्कळ मोठी होते. मात्र शिफारशी बंद केल्यावर फर्मवेअर आणि फाँट यादीत हाताने घालावे लागू शकतात. लोहित देवनागरी किंवा दुसरा देवनागरी फाँट राहून गेला, तर मराठी फायली उघडल्यावर चौकोनच दिसतील.

वेगाबद्दल एवढेच, की 24 एक्स (मूळ सीडी-वेगाच्या 24 पट) ड्राइव्ह उत्तम स्थितीत सेकंदाला सुमारे 3.6 एमबी वाचतो. आठेक एमबीचा कर्नल निम्मा केला तरी सेकंद-दोन सेकंद वाचतात. वेळ जातो तो चकतीभर विखुरलेल्या लहान फायली शोधण्यात. त्यावर स्क्वॉशएफएस फाइल बनवणाऱ्या ‘एमकेस्क्वॉशएफएस’ला फायलींचा क्रम लावून देणे, किंवा रॅम पुरेशी असल्यास सगळी प्रणाली आधी रॅममध्ये उतरवणारा ‘टोरॅम’ पर्याय वापरणे, हे खरे उपाय आहेत.

सल्ल्यात एका गोष्टीचा उल्लेखही नसतो: डेबियनचा कर्नल सही केलेला असल्याने सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असतानाही चालतो. घरी कंपाइल केलेला कर्नल, त्याची किल्ली प्रत्येक यंत्रावर नोंदवल्याशिवाय, तिथे अडतो.

स्वतःचा कर्नल लागणारे प्रसंग आहेतच. डेबियन 13 ने 2025 मध्ये 32-बिट आय386 यंत्रांसाठी कर्नल देणे थांबवले. अशा यंत्रांसाठी नवा कर्नल हवा असेल तर तो स्वतः बांधावा लागेल. तेव्हाही कोऱ्या पाटीवरून सुरुवात न करता डेबियनने त्या यंत्रांसाठी दिलेल्या शेवटच्या कर्नलची कॉन्फिग फाइल घ्यावी, नव्या पर्यायांना पूर्वनिश्चित मूल्ये देणारे ‘ओल्डडिफकॉन्फिग’ चालवावे, ‘बिनडेब-पीकेजी’ने डेब पॅकेज करून लाइव्ह-बिल्डला द्यावे, आणि स्क्वॉशएफएससोबत एक्सझेड या दाबण्याच्या पद्धतीचा पर्यायही चालू आहे ना हे तपासावे, तो वेगळा असतो, आणि स्क्वॉशएफएस फाइल एक्सझेडने दाबलेली असताना तो बंद राहिला तर ती उघडतच नाही.